सेंदाईतल्या दोन बाटल्या

मला सेंदाईला नेलं ते मी लहान होते म्हणून. मोठी झालेली असते तर नेलं नसतं. आमच्यात तेव्हा मुलगी लहान की मोठी हे वयावरून ठरत नसे. माझी आई पुण्याला डॉक्टरांच्या आईंकडे पोळ्या करायची. वडील गेलेले. चौथी झाली तशी माझी शाळा संपली आणि मी आईच्या हाताखाली लागले. डॉक्टर बायकांच्या आजारांचे आणि बाळंतपणाचे. त्यांना संशोधनासाठी दोन वर्षं जपानात जायचं होतं आणि बरोबर वहिनी, म्हणजे त्यांची बायको, जाणार होत्या. वहिनी महिन्यातले चार दिवस बाहेर बसायच्या, आणि डॉक्टरांना पाणी तापवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्या चार दिवसांत परमुलखात त्यांना जेवायला कोण वाढणार, देवापुढे दिवा कोण लावणार? म्हणून ब्राह्मणाची, कामाची सवय असलेली आणि अजून न्हाण न आलेली मुलगी हवी होती. ती मी. कागदोपत्री मला वहिनींची भाची केलं. निघताना डॉक्टरांच्या आई माझ्यादेखत वहिनींना म्हणाल्या, "मोठी झाली की दे पाठवून. मग तिचा काय उपयोग? तुम्ही दोघी एकदम बाहेर बसलात तर माझ्या मुलानं काय करायचं?" परत आल्यावर माझं काय होणार तेही ठरलेलं होतं. आईच्या नात्यातला एक बिजवर सासवडला वाट बघत होता. दोन मुलांचा बाप. मी त्याला एकदा पाहिलं होतं. आमच्या ओट्यावर बसून तो दात कोरत होता आणि आईशी माझ्याबद्दल बोलताना त्यानं काडी काही तोंडातून काढली नाही. तेव्हा बोटीवर चढताना माझ्या डोक्यात एकच होतं, की आपण मोठं व्हायचं नाही.

हे मी जपानातल्याच त्सुकुबाला बसून लिहिते आहे, नातीच्या घरी. मृदुला इथं संशोधन करते. कसलं ते तिनं दोनदा सांगितलं, मला दोन्ही वेळा कळलं नाही. तिला दिवस गेलेत. पोटातल्या मुलाचा फोटो तिनं फ्रीजवर लावलाय आणि दूध काढायला गेलं की तो समोर येतो. तिच्या ऑफिसातल्या पुरुषांनीसुद्धा तो पाहिला आणि तिला शुभेच्छा दिल्या. मला त्या फोटोकडे नीट बघवत नाही. मृदुला म्हणते, "आजी, यात लाजायचं काय?" तिचं बरोबर आहे. पण लाज ही काही बरोबर-चूक बघून येत नाही. तिचा थोरला मुलगा माझ्याशी जपानीतच बोलतो, आणि माझं जपानी ऐकून हसत सुटतो, कारण ते सेंदाईच्या त्या वेळच्या म्हाताऱ्यांचं जपानी आहे. आता तसं कुणी बोलत नाही म्हणे.

सेंदाईत आम्हाला घर मिळालं ते एका म्हाताऱ्या विधवेच्या घरामागचं. तिला मी ओबासान म्हणायचे, म्हणजे मावशी म्हणा. चटयांच्या दोन खोल्या, कागदाची दारं, आणि मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचा अरुंद ओटा, काचेच्या सरकत्या तावदानांनी झाकलेला. थंडी अशी की सकाळी पाण्याच्या पिंपावर पापुद्रा धरलेला असायचा आणि तो मुठीनं फोडावा लागायचा. मधल्या खोलीत एक बुटकं टेबल, त्याखाली निखारे आणि वर गोधडी. त्या गोधडीत पाय घालून तिघंही बसायचो. पाठीला बर्फ, पायाला आग. पहाटे ओबासानच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, आमटीचा वास यायचा, संध्याकाळी तोफूवाला पिपाणी वाजवत जायचा, आणि गोठलेल्या रस्त्यावर लाकडी चपलांचा टकटक आवाज रात्रीपर्यंत चालू असायचा. आणलेली तूरडाळ पहिल्या हिवाळ्यातच संपली. मग तिथल्या लाल चवळीसारख्या कडधान्याची उसळ, मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याचं पिठलं. तिथला मुळा माझ्या मांडीएवढा. तिथल्या पिठाच्या पोळ्या मी पहिल्यांदा केल्या त्या डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "वत्सले, याची चप्पल चांगली होईल." ओबासान भोपळा फार गोड शिजवायची. वहिनींनी तो वर्षभर आवडीनं खाल्ला. मग एक दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात भोपळ्याच्या पातेल्यात मासळीचा भुगा पडताना पाहिला आणि येऊन सांगितलं. वहिनींनी चूळ भरली, गोमूत्र नव्हतं म्हणून तुळशीच्या वाळक्या पानाचं पाणी प्यायल्या, आणि मला म्हणाल्या, "पाहिलंस ते ठीक. सांगायला कशाला आलीस?"

चार दिवस वहिनी त्या मागच्या ओट्यावर काढायच्या. गवताची चटई, दोन घोंगड्या, त्यांचं वेगळं भांडं. तावदानांच्या फटींतून वारा यायचा. मी दुरून ताट सरकवायचे. ओबासानला हे काय चाललंय ते काही केल्या कळेना. तिनं स्वतःच अर्थ लावला, की दर महिन्याला नवरा-बायकोचं भांडण होतं आणि नवरा हिला घराबाहेर काढतो. एकदा ती गरम पाण्याचा डबा फडक्यात गुंडाळून वहिनींसाठी घेऊन आली आणि जाता जाता डॉक्टरांना दारात गाठून तिनं चांगलं झापलं. डॉक्टर नुसते वाकत राहिले. मला भाषा कळायला लागली होती, मी भिंतीआड तोंड दाबून हसत होते. संध्याकाळी वहिनींना सांगितलं तर त्याही घोंगडीत तोंड खुपसून हसल्या. "सांग तिला," म्हणाल्या, "मुळीच मारत नाहीत म्हणावं. बायकांचेच डॉक्टर आहेत ते."

डॉक्टरांचं संशोधन लघवीवर चालायचं. मी हे असं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. डॉक्टर 'नमुना' म्हणायचे, वहिनी 'ते' म्हणायच्या. बाईच्या अंगात महिनाभर काय घडतं, मूल का राहतं, का राहत नाही, हे तिच्या लघवीतल्या एका द्रव्यावरून ओळखायचं, असं ते काम. ती गोळा करायची, तिचा अर्क काढायचा आणि तो पांढऱ्या उंदरांच्या अजून वयात न आलेल्या माद्यांना टोचायचा. काही दिवसांनी त्या माद्या कापून त्यांच्या गर्भपिशव्या इवल्याशा काट्यावर तोलायच्या. पिशवी जड भरली की द्रव्य जास्त. डॉक्टरांनी हे आम्हाला जेवताना समजावून सांगितलं होतं. वहिनींनी ताट बाजूला सारलं. डॉक्टरांना मुलंबाळं झालेल्या बायकांचे नमुने इस्पितळात मिळत. मूल न झालेल्या बाईचा रोजचा, न चुकता, वर्षभर नमुना मिळणं अवघड होतं. आणि न्हाण न आलेल्या मुलीचा तर त्याहून. ते दोन्ही त्यांना घरातच मिळाले. वहिनींच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

तेव्हा आमच्या संडासाच्या दाराशी दोन मोठ्या तपकिरी बाटल्या उभ्या असायच्या, एक वहिनींची, एक माझी. दिवसभराचं सगळं त्यात जायचं. आत आधीच घातलेलं औषध असायचं, रंगाच्या दुकानासारखा त्याचा वास. कुणी आलं की वहिनी धावत जाऊन त्यावर टोपली पालथी घालायच्या. सकाळी त्या इस्पितळात पोचवायचं काम माझं. ओबासाननं त्यासाठी मला करकोचे छापलेलं सुंदर जांभळं फडकं दिलं होतं, आत काय असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ट्राममध्ये डॉक्टर पुढच्या दाराशी उभे राहायचे आणि मी मागच्या. आमची ओळख नाही असं. एकदा एक म्हातारा माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघून म्हणाला, "साके का गं पोरी? एवढी? वडील बरेच पितात वाटतं." सगळी ट्राम हसली. मी पुढं पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. गाठोड्यातली एक बाटली माझ्या अंगाला लागून कोमट वाटत होती, आणि मला वाटलं, आता हिचं बूच उडालं तर मी ट्रामखाली जीव देईन.

मग जे नको होतं ते झालं. उन्हाळा होता, भर दुपारीसुद्धा रातकिडे ओरडत होते. मी ओबासानच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मला आईनं आधी काही सांगितलेलं नव्हतं, पण वहिनींचं सगळं मी करत होते, तेव्हा काय झालं ते कळलं. पहिला विचार आला तो सासवडचा. मी कुणाला सांगितलं नाही. ओबासानला दिसलं, तिनं कापूस आणून दिला आणि काही विचारलं नाही. मी तशीच स्वयंपाक करत राहिले. तशीच देवापुढे दिवा लावला. पहिल्या वेळी वात पेटवताना काडी दोनदा विझली. देव काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात वात पहिल्याच काडीत पेटली. मला वाटलं होतं की मी काही बोलले नाही तर कुणाला कळणार नाही. उंदीर बोलतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आता मृदुलाच्या घरी एका भिंतीवर वीजमीटर आहे, त्यावरून म्हणे कंपनीला कळतं की घरात माणसं केव्हा उठली. तिला त्याचं काही वाटत नाही. मला त्या उंदरांची आठवण येते. माझी जी गोष्ट मी स्वतःच्या आईलाही सांगितली नव्हती ती इस्पितळातल्या चार-पाच पुरुषांनी काट्यावर तोलून पाहिली होती. कुणी वाईट हेतूनं नाही. त्यांचं ते कामच होतं. पण ते सगळे मला ओळखत होते, मी बाटली द्यायला गेले की पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचे.

लाल भात आला तो शरद ऋतूत, एका रविवारी दुपारी. डॉक्टरांच्या प्रोफेसरांच्या पत्नी स्वतः आल्या. बुटक्या, गोऱ्या, फार हसऱ्या बाई. किमोनो घातलेला, हातात लाखेचा काळा डबा रेशमी कापडात बांधलेला. त्यांनी आधी वहिनींना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून, "अभिनंदन, अभिनंदन," म्हणत माझे दोन्ही हात धरले. डबा उघडला. आत लाल कडधान्यात शिजवलेला चिकट भात, वर काळे तीळ आणि मीठ. त्यांच्याकडे घरातल्या मुलीला न्हाण आलं की हा भात करतात, आणि शेजारीपाजारी वाटतात. बाई म्हणाल्या, "घरातलं कुणी जपानी नाही, तेव्हा भात कोण करणार, म्हणून मीच केला. आमचे हे म्हणाले, भाची मोठी झाली. आता तू बाई झालीस हं."

वहिनी म्हणाल्या, "काय म्हणतात गं? कशाचा भात?"

भाषा येणारी घरात मी एकटीच म्हणायची. डॉक्टरांचं जपानी पुस्तकी, आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. मी म्हटलं, "त्यांचा काही सण आहे. सणाचा भात."

"किती छान," वहिनी म्हणाल्या आणि बाईंना आपल्या हातचा चहा पाजला. बाई गेल्यावर त्यांनी डबा माझ्या हाती दिला. "वत्सले, मासळीबिसळी नाही ना गं? मग आधी देवापुढे ठेव. निरांजन लाव. मग आपण खाऊ."

मी जागची हलले नाही. त्या दिवशी मी बाहेरचीच होते, आणि माझ्याच न्हाणाचा भात देवापुढे ठेवायला मी धजले नाही.

"अगं, ठेव ना."

वर्तमानपत्रामागून डॉक्टर वहिनींना म्हणाले, "राहू दे. आज तूच ठेव."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या वर्तमानपत्राकडे. त्या हुशार होत्या. शाळा माझ्याहून फार नव्हती, पण हुशार होत्या.

"का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत, पण विचारलं त्यांना.

डॉक्टरांनी पान उलटलं.

"अहो, मी विचारते, का? हिनं का नाही ठेवायचा?" मग मला, "किती दिवस झाले तुला?"

"उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

"आणि दिवा लावत होतीस? नैवेद्य करत होतीस?" मी मान हलवली. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. वहिनी माझ्यासमोरून उठल्या, गेल्या आणि डॉक्टरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. हळूच केलं, फाडलं वगैरे नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"लॅबमध्ये दिसलं."

"कधी?"

"तेव्हाच."

"आणि तुम्ही जेवत होतात? तिच्या हातचं? माझे चार दिवस मी बाहेर कुडकुडत बसते, आणि तुम्ही आत ठाऊक असून जेवत होतात?"

"अगं, यात शास्त्रीयदृष्ट्या काही नसतं," डॉक्टर म्हणाले.

"मग मला का नाही तसं सांगितलंत? मला आत का नाही बोलावलंत?"

डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. वहिनी खाली बसल्या. मला वाटलं संपलं. पण त्या विचार करत होत्या. माझ्या त्या बाटलीवरून त्यांचं मन दुसऱ्या बाटलीकडे गेलं होतं, आणि ते डॉक्टरांच्या आधी मला कळलं, कारण वहिनी संडासाच्या दाराकडे बघत होत्या.

"हिच्यात हे दिसलं," त्या म्हणाल्या. "मग माझ्यात काय दिसलं?"

"तुझ्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे सगळं ठीक आहे. जसं असायला हवं तसं."

"आणि तुमचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माझं तपासलं आम्ही," ते म्हणाले. "नाही होणार."

"केव्हा तपासलं?"

"आल्यावर. पहिल्या हिवाळ्यात."

त्या पहिल्या हिवाळ्यात वहिनींनी सासूबाईंच्या सांगण्यावरून सोळा सोमवार केले होते. बर्फात. सकाळी गार पाण्यानं न्हाऊन, संध्याकाळी एकवेळ. एका सोमवारी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना उचलून आणलं होतं, नाडी पाहिली होती, कपाळाला पट्टी बांधली होती. म्हणाले होते, "जरा बेतानं करत जा." मी तिथंच होते.

वहिनी रडल्या नाहीत. डॉक्टरच बोलायला लागले, की आईला कसं सांगायचं, की योग्य वेळ आली की सांगणारच होतो, आणि मग विषय बदलावा म्हणून असेल, म्हणाले, "वत्सलाचं आता बघायला हवं. आईनं सांगितलंय, मोठी झाली की पाठवून द्या. मी बोटीची चौकशी करतो."

"ती कुठंही जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. "हे जे तुम्ही आत्ता बोललात ते ऐकलेलं एक माणूस माझ्याजवळ राहू दे." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. मला सण म्हणून सांगितलंस. यापुढं माझ्यापुढे कुणी काही बोललं तर ते जसंच्या तसं मला सांगायचं. गोड करून नाही. कळलं?"

"हो," मी म्हटलं.

आणि आता खरं लिहिते. वहिनींचं आयुष्य माझ्यासमोर मोडलेलं होतं, आणि मला आनंद झाला होता. सासवड टळलं. मी गोधडीत पाय घातले आणि त्या लाल भाताचा एक घास उचलून खाल्ला. गोडसर लागला. वहिनींनी मला खाताना पाहिलं. त्यांच्या त्या बघण्याची लाज मला अजून वाटते. बाटलीची लाज त्यापुढे काहीच नव्हे.

वहिनींनी रीत सोडली नाही. लोकांना वाटेल की त्या दिवसापासून त्यांनी बाहेर बसणं बंद केलं असेल. मुळीच नाही. त्यांनी मला धरून मागच्या ओट्यावर नेलं आणि स्वतःही माझ्याशेजारी बसल्या, त्यांचे दिवस नसताना. "स्वयंपाक तुम्ही करायचा," त्या आत ओरडून म्हणाल्या. "शास्त्रीयदृष्ट्या काही नसतं त्यात." चार दिवस डॉक्टरांनी स्वयंपाक केला. उसळ करपली, भात कच्चा, एकदा त्यांनी मिठाऐवजी साखर घातली. ओबासान धूर बघून धावत आली. तावदानाआड आम्ही दोघी एका घोंगडीत, आत डॉक्टर पातेलं खरवडतायत. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आता तुलासुद्धा बाहेर काढलं?" आणि लोणच्याचा वाडगा ठेवून गेली. त्यानंतर दर महिन्याला असंच चाललं. आमचे दिवसही हळूहळू एकत्र आले. डॉक्टरांना पुढं पुढं पिठलं बरं जमायला लागलं. बाटल्या मात्र तशाच भरत राहिल्या. वहिनींनी त्या बंद केल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचं काम अर्धवट राहिलं तर आपण इतक्या थंडीत इथं आलो कशाला?"

नव्या वर्षाच्या सणाला प्रोफेसरांनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं. वहिनींनी ठेवणीतली जरीची साडी नेसली, आतून लोकरीचे दोन पायजमे. जमिनीवर बुटकी टेबलं, लाखेच्या डब्यांत गोड काळ्या उसळीचे दाणे, कमळाचे देठ, रताळ्याचा लगदा. आम्ही मासे खात नाही म्हणून बाईंनी आमचं सगळं निराळ्या भांड्यात शिजवलं होतं, आणि ते चारदा सांगितलं. चांगल्या बाई होत्या. मी हे पुन्हा लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

जेवण अर्धं झालं आणि बाई वहिनींच्या जवळ सरकल्या. त्यांनी वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. प्रोफेसर खाली बघत होते. तिथं आपल्या प्याल्यात आपण साके ओतून घेत नाही, दुसऱ्यानं ओतायची असते. प्रोफेसरांनी स्वतःची स्वतः ओतून घेतली.

वहिनींनी विचारलं, "काय म्हणतात गं?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते जेवायच्या काड्यांनी काळा दाणा उचलायचा प्रयत्न करत होते. दाणा निसटत होता. सण म्हणून सांगता आलं असतं. सण चालूच होता. पण मला सांगितलेलं होतं, जसंच्या तसं. आणि मला वाटलं होतं की आज काहीतरी होईल. मी म्हटलं, "त्या म्हणतात, डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय की तुमच्या अंगात दोष आहे, म्हणून मूल होत नाही. त्या म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही रोज नमुना देता, त्यातून उद्या तुमच्यासारख्या बायकांसाठी औषध निघेल. त्या तुमच्यासाठी देवळात जाऊन आल्या."

मराठी कळणारे तिथं आम्ही तिघंच. डॉक्टरांचा दाणा पुन्हा पडला. मी वहिनींकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या म्हणतील, सांग यांना, काय खरं ते. आणि मी सांगणार होते. जपानी शब्द मी मनात जुळवूनसुद्धा ठेवले होते.

वहिनींनी दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि ओबासाननं शिकवल्याप्रमाणे कपाळ हातांना लागेल इतक्या खाली वाकल्या. मग वर बघून मला म्हणाल्या, "सांग त्यांना, माझी एवढी काळजी केलीत, उपकार झाले. म्हणावं, देवाच्या मनात असेल तर माझा दोष जाईल."

मी समोरचं रताळं काड्यांनी चिवडलं.

"सांग."

मी सांगितलं. माझ्या त्या खेडवळ जपानीत, माझ्या तोंडानं, 'यांचा दोष' असं मी बोलले. बाई पदरासारखी बाही डोळ्यांना लावून रडल्या. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला दाणा उचलला आणि खाल्ला. कुणीतरी मला आणखी रताळं वाढलं.

परत येताना बर्फ पडत होतं. डॉक्टर आमच्या बरेच पुढं चालत होते. मला इतका राग आला होता की थंडी लागत नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, मग मला कशाला ठेवून घेतलंत?"

"म्हणजे?"

"तुम्ही जसंच्या तसं सांग म्हणालात, मी सांगितलं. आणि तुम्ही त्या बाईपुढं डोकं टेकलंत. माझा काय उपयोग झाला?"

वहिनी थांबल्या. साडीच्या काठाला बर्फ धरलं होतं, ते त्यांनी वाकून झटकलं.

"तू बोलावंस म्हणून नाही गं ठेवलं तुला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठले की वाटतं, मी ऐकलं ते खरंच ऐकलं होतं का? की माझ्याच मनानं घेतलं? मग चुलीपाशी तू दिसतेस."

पुढं वळणावर डॉक्टर छत्री उघडून आमच्यासाठी थांबले होते. "पायाखाली बघून या," ते म्हणाले, "घसरायला होतंय." वहिनी त्या छत्रीखाली गेल्या. मीही गेले.